चिंचेवरचा पिंगळा आणि मेळघाटातला रानपिंगळा

रौप्यमहोत्सवी स्मरणिका म्हटली की संस्थेचा इतिहास आलाच. जमीन कशी घेतली, पहिल्या सभेला किती जण होते, एनआयटीच्या मंजुरीसाठी किती चपला झिजल्या, पहिली बोअरवेल कधी लागली, पहिला गणपती कोणाच्या पोर्चमध्ये बसला, हे सगळं इतर सभासदांनी या अंकात लिहिलंच आहे. मला कार्यकारिणीनं विषय मोकळा दिला. म्हणून मी आपल्या ले-आऊटमधल्या वेगळ्याच रहिवाशांचा इतिहास घ्यायचं ठरवलं. त्यांचं नाव शेअर सर्टिफिकेटवर नाही, मेन्टेनन्स ते भरत नाहीत आणि त्यांची हजेरी फक्त दिवेलागणीनंतर लागते. ही मंडळी म्हणजे पिंगळे, घुबडं, रातवे, टिटव्या.

हा विषय घेण्याला आणखी एक कारण आहे. येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे दोन प्रस्ताव आहेत. पहिला, मोकळ्या जागेतली जुनी चिंच काढून तिथे पार्किंगची शेड बांधायची. दुसरा प्रस्ताव आपल्याच तरुण मुलामुलींचा आहे. परिसरातल्या रात्रीच्या पक्ष्यांच्या घरट्यांची एक हंगामभर मोजणी करायची आणि त्यासोबत ऐच्छिक वर्गणी काढून मेळघाटातल्या रानपिंगळ्याच्या अभ्यासाला हातभार लावायचा. पुष्कळांनी विचारलं, "चिंचेवरच्या पिंगळ्याचा अन्‌ मेळघाटाचा काय संबंध बाप्पा?" संबंध आहे, आणि तो दीडशे वर्षं जुना आहे. नागपूरचंही नाव त्यात येतं.

नाव एक, कीर्ती दोन

आपल्याकडे घुबडाची कीर्ती दोन प्रकारची. एकीकडे ते लक्ष्मीचं वाहन. वैशेषिक दर्शन मांडणाऱ्या कणादांना 'उलूक' असंही म्हणत, म्हणून त्या दर्शनाला 'औलूक्य दर्शन' हे नाव पडलं. म्हणजे अणूचा विचार करणाऱ्या ऋषींना घुबडाचं नाव मिळालं आणि त्यात कोणाला कमीपणा वाटला नाही. ग्रीक लोकांनी तर ते विद्येच्या देवतेच्या, अथीनाच्या हाती दिलं. पिंगळ्याच्या शास्त्रीय नावात आजही तीच देवता आहे: 'अथीनी ब्रामा'.

दुसरीकडे पंचतंत्राच्या तिसऱ्या तंत्रात, 'काकोलूकीयम्'मध्ये, कावळे आणि घुबडांचं हाडवैर आहे. घुबडाला आपण 'दिवाभीत' म्हणतो, म्हणजे दिवसाला भिणारा. घरावर बसलं तर घर ओसाड होतं, दगड मारला तर ते दगड झेलून झिजवतं आणि मारणारा माणूसही झिजतो, असं आपण लहानपणी ऐकलं. गंमत अशी की या शेवटच्या समजुतीनं घुबडांचं रक्षणच केलं असेल. भीतीनं का होईना, पोरं दगड मारत नव्हती.

पिंगळ्याचं मात्र वेगळं. पहाटे कंदील आणि कुडबुडं घेऊन दारोदार फिरणारा, भविष्य सांगणारा पिंगळा आपल्यातल्या वडीलधाऱ्यांनी पाहिला आहे. पाखराची भाषा त्याला कळते, असं लोक मानत. पक्ष्याचं नाव माणसाला आणि माणसाचा मान पक्ष्याला, असा तो व्यवहार होता. आता कुडबुडं थांबलं, कंदील विझला. उरला तो चिंचेच्या ढोलीतला खरा पिंगळा. संध्याकाळी सातच्या सुमारास तारेवर येऊन बसतो, मान वर-खाली करून आपल्याकडे टक लावून बघतो आणि 'चिरूर-चिरूर चिवाक-चिवाक' असं भांडण मांडतो.

मध्य प्रांतातला एक अनोळखी पक्षी

१८६१ मध्ये इंग्रजांनी मध्य प्रांत तयार केला आणि नागपूर त्याची राजधानी झाली. दोनच वर्षांनी, १८६३ मध्ये, इथे मध्यवर्ती संग्रहालय सुरू झालं, तेच आपलं अजब बंगला. रायपूर, फुलझर, बस्तर हा सगळा मुलूख तेव्हा नागपूरहून चालायचा. याच प्रांताच्या पूर्व भागात एफ. आर. ब्लेविट नावाचा एक इंग्रज अधिकारी होता. नोकरी सरकारची आणि नाद पक्ष्यांचा. त्यानं डिसेंबर १८७२ मध्ये बसना-फुलझर भागात एक लहानसं घुबड मारलं आणि त्याचं कातडं शिमल्याला ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूमकडे पाठवलं. हे ठिकाण आज छत्तीसगडच्या महासमुंद जिल्ह्यात आहे.

ह्यूम म्हणजे पुढे १८८५ मध्ये काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारे तेच ह्यूम. भारतीय पक्षिशास्त्राचा पायाही बऱ्याच अंशी त्यांनीच घातला. देशभरातले हौशी अधिकारी त्यांना नमुने, अंडी आणि टिपणं पाठवत, आणि ते 'स्ट्रे फेदर्स' नावाचं नियतकालिक काढत. १८७३ मध्ये त्यात त्यांनी या पक्ष्याचं वर्णन छापलं आणि ब्लेविटच्या नावावरून त्याला 'ब्लेविटी' हे नाव दिलं. तोच आपला रानपिंगळा. काही पुस्तकांत त्याला वनपिंगळाही म्हणतात.

दिसायला तो आपल्या पिंगळ्याचाच थोरला भाऊ. फरक बारीक आहेत, पण पक्के. आपल्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके स्पष्ट असतात, रानपिंगळ्याचा माथा जवळजवळ कोरा. पंखांवर आणि शेपटीवर ठसठशीत रुंद पट्टे, पोट पांढरंशुभ्र, पाय दणकट आणि नखं जाड. हे फरक ज्याला माहीत नाहीत तो दोघांना एकच समजणार.

पुढच्या दहा-बारा वर्षांत या पक्ष्याचे मोजकेच नमुने मिळाले. भूगर्भशास्त्रज्ञ व्हॅलेंटाइन बॉल यांना १८७७ मध्ये ओडिशातल्या खरियार भागात एक मिळाला. बाकीचे खानदेशात जेम्स डेव्हिडसन या सनदी अधिकाऱ्यानं शहादा-तळोद्याच्या बाजूला गोळा केले. जगातल्या साऱ्या संग्रहालयांत मिळून अवघे सात नमुने, आणि त्यातला शेवटचा १८८४ चा. त्यानंतर रानपिंगळा जणू हवेत विरला.

चोरीचा नमुना

आता या इतिहासात एक चोर येतो. कर्नल रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन हा इंग्रज लष्करी अधिकारी पक्षितज्ज्ञ म्हणून जगभर नावाजलेला होता. १९३७ मध्ये आपले सलीम अलीसुद्धा त्याच्याबरोबर अफगाणिस्तानच्या मोहिमेवर गेले होते. त्याच्या संग्रहात रानपिंगळ्याचा एक नमुना होता आणि त्यावर चिठ्ठी होती, गुजरातमधलं मांडवी, १९१४. ही नोंद खरी मानली गेली. त्यामुळे पक्षी निदान १९१४ पर्यंत होता आणि गुजरातमध्येही होता, असं पुस्तकांत छापून आलं.

१९९० च्या दशकात अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संस्थेच्या पामेला रासमुसेन भारतीय पक्ष्यांच्या मार्गदर्शक पुस्तकासाठी जुने नमुने तपासत होत्या. एकेका नमुन्याची शिवण, आतलं भरण, पाय बांधण्याची पद्धत बघताना त्यांच्या लक्षात आलं की मांडवीचा म्हणून दाखवलेला हा नमुना डेव्हिडसनच्या हातचा आहे. म्हणजे माइनर्ट्‌झहागेननं ब्रिटिश म्युझियममधून डेव्हिडसनचाच नमुना उचलला, त्याला थोडं नवं रूप दिलं आणि खोटं ठिकाण, खोटी तारीख टाकून आपल्या नावावर चढवला! रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी १९९९ मध्ये हे सविस्तर प्रसिद्ध केलं.

सोसायटीच्या भाषेत सांगायचं तर प्रोसिडिंग बुकात कोणीतरी खोटा ठराव लिहून ठेवला आणि पुढची पन्नास-साठ वर्षं सगळे त्याच ठरावावर कारभार करत राहिले. एका खोट्या नोंदीमुळे पुढचा शोध भलत्या ठिकाणी गेला. मोजणीत आणि नोंदीत प्रामाणिकपणा का लागतो, याचं यापेक्षा मोठं उदाहरण मला माहीत नाही.

शहाद्याची सकाळ

मांडवीची नोंद खोटी ठरली म्हणजे उरली ती डेव्हिडसन, ब्लेविट आणि बॉल यांची खरी ठिकाणं. रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट हे तिघं नोव्हेंबर १९९७ मध्ये भारतात आले. आधी पूर्वेकडच्या जुन्या जागा धुंडाळल्या. तिथे जंगलच फारसं उरलं नव्हतं आणि पक्षीही मिळाला नाही. मग ते खानदेशात उतरले. २५ नोव्हेंबर १९९७ च्या सकाळी शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी, एका झाडाच्या उघड्या फांदीवर एक लहान घुबड उन्हात बसलेलं दिसलं. माथा कोरा, पोट पांढरं, पाय जाड. रानपिंगळा! ११३ वर्षांनी. शहादा तेव्हा धुळे जिल्ह्यात होतं, नंदुरबार जिल्हा व्हायचा होता.

'सकाळी', 'उन्हात' या दोन शब्दांकडे लक्ष द्या. रानपिंगळा दिवसाही वावरतो आणि शिकार करतो. घुबड म्हणजे रात्रीचं पाखरू, हे आपण इतकं गृहीत धरतो, पण हा पठ्ठ्या सकाळच्या उन्हात पंख शेकत बसतो. दिवाभीत नावाला हा अपवाद आहे.

पुढे काय झालं तेही आपल्यासाठी महत्त्वाचं. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीतर्फे फराह इश्तियाक आणि असद रहमानी यांनी लगेच शोध सुरू केला. तळोदा, तोरणमाळ आणि मध्य प्रदेशातल्या खकनारसोबत पक्षी सापडला तो आपल्या विदर्भात, मेळघाटात. पुढे गिरीश जठार यांनी त्याच्या जीवनक्रमाचा अभ्यास केला. प्राची मेहता, जयंत कुलकर्णी आणि सहकाऱ्यांनी मध्य भारतात अनेक वनक्षेत्रं पालथी घातली. २०१४ मध्ये तो मुंबईजवळच्या तानसा अभयारण्यातही आढळला. आज त्याची सर्वांत मोठी ज्ञात वस्ती मेळघाटात आहे. २०१८ मध्ये त्याचं आंतरराष्ट्रीय वर्गीकरण 'अति-संकटग्रस्त'वरून 'संकटग्रस्त' असं एक पायरी सुधारलं. याचा अर्थ पक्षी अचानक वाढले असा नाही. जास्त लोकांनी जास्त जागी शोधलं, म्हणून ते जास्त ठिकाणी सापडले. तरीही जगातल्या सगळ्या प्रौढ रानपिंगळ्यांचा अंदाज हजाराच्या आतच आहे. आपल्या वॉर्डातली माणसं याहून कितीतरी जास्त भरतील.

मोजणीला पैसे लागतात

पक्षी मोजणं म्हणजे दुर्बीण घेऊन फिरणं, एवढंच नाही. रानपिंगळ्याची वीण साधारण ऑक्टोबर ते मे या काळात चालते. घरटं जुन्या झाडाच्या ढोलीत, बहुधा सुताराने किंवा किडीने पोखरलेल्या. ढोली शोधायची, जोडी ओळखायची, अंडी घातली का, पिल्लं बाहेर आली का, किती जगली, हे आठवड्यामागून आठवडे बघायचं. त्यासाठी जंगल जाणणारी स्थानिक माणसं लागतात. मेळघाटात ती बहुतेक कोरकू. त्यांची मजुरी, गाडीचं डिझेल, राहणं, जेवण, वह्या, टॉर्च. मोठ्या संशोधन संस्थांना अनुदान मिळतं, पण ते एक-दोन हंगाम पुरतं. झाड मात्र दरवर्षी उभं असतं आणि वीणही दरवर्षी होते. एका हंगामाच्या आकड्यावरून काही कळत नाही. दहा हंगामांच्या आकड्यांवरून पुष्कळ कळतं.

पैशांची ही अडचण नवी नाही. १९३० च्या सुमारास सलीम अली जर्मनीहून शिकून परतले आणि त्यांच्या हाती नोकरी नव्हती. तेव्हा त्यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीपुढे प्रस्ताव ठेवला: संस्थानांतल्या पक्ष्यांचं सर्वेक्षण मी विनामोबदला करतो, फक्त तंबू, बैलगाडी, माणसं यांचा खर्च निघाला पाहिजे. संस्थेनं संस्थानिकांकडे शब्द टाकला, निजामाच्या राज्यानं हात दिला आणि हैदराबाद संस्थानाचं सर्वेक्षण झालं. पुढे एकामागून एक संस्थानांची सर्वेक्षणं झाली आणि त्यातूनच भारतीय पक्ष्यांची माहिती उभी राहिली. म्हणजे या विद्येचा पाया तज्ज्ञाच्या श्रमावर आणि दुसऱ्यांच्या वर्गणीवर उभा आहे. तेव्हा वर्गणी राजांनी दिली. आता राजे नाहीत, आपण आहोत.

नागपूरनंही आपला वाटा उचलला आहे. आपल्या अजब बंगल्यात काम करणारे ई. ए. डी'अब्रू यांनी १९३५ मध्ये मध्य प्रांतातल्या पक्ष्यांची यादी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केली. त्यांनी पक्ष्यांची पोटं तपासून कोणता पक्षी कोणते कीटक खातो याच्याही नोंदी केल्या, म्हणजे शेतकऱ्याचा मित्र कोण हे कळावं. पुढच्या काळात मारुती चितमपल्ली यांनी वनाधिकारी म्हणून नवेगाव, नागझिरा, मेळघाट ही जंगलं पायाखाली घातली, नागपुरात बसून 'पक्षिकोश' लिहिला आणि पाखरांची मराठी नावं आपल्याला परत मिळवून दिली. त्यांचा जन्मदिवस ५ नोव्हेंबर, सलीम अलींचा १२ नोव्हेंबर. या दोन तारखांमधला आठवडा महाराष्ट्र शासनानं २०२० पासून 'पक्षी सप्ताह' म्हणून ठरवला आहे. चितमपल्ली २०२५ च्या जूनमध्ये गेले. त्याच वर्षी त्यांना पद्मश्री मिळाली होती.

साध्या माणसांनी केलेल्या मोजणीचंही एक उदाहरण घरच्याच अंगणात आहे. गोंदिया जिल्ह्यात दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर सारस पक्ष्यांची गणना होते. पहाटे शेताच्या बांधावर स्वयंसेवक बसतात, आणि ज्यांच्या धानाच्या बांधीत घरटं आहे ते शेतकरी त्याची राखण करतात. २०२१ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं सारसांच्या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली, तेव्हा वर्षानुवर्षांच्या या नोंदीच कामी आल्या. आकडा नसता तर न्यायालयापुढे ठेवायला काय होतं? नुसती हळहळ.

नागपूरची रात्र

आता आपल्या शहराकडे. नागपूरचं नशीब असं की शहरातच गोरेवाडा, सेमिनरी हिल्स, अंबाझरीसारखी झाडी आणि तलाव शिल्लक आहेत. त्यामुळे रात्रीचे पक्षी बघायला फार लांब जावं लागत नाही. खरं तर बघण्यापेक्षा ऐकायला शिकावं.

'चक-चक-चक-चक-र्रर्र' असा, टेबल टेनिसचा चेंडू फरशीवर टाकल्यासारखा, वेग वाढत जाणारा आवाज आला तर तो रातवा. तो घरटं बांधतच नाही. पानापाचोळ्यात उघड्या जमिनीवर दोन अंडी घालतो आणि रंग असा की पायाखाली येईपर्यंत दिसत नाही. उन्हाळ्यात मोकळ्या प्लॉटवर कचरा जाळला जातो, तेव्हा जळतं ते काय काय, हे आपल्याला कळतही नाही. खोल 'बू-बो' असा दुहेरी घुमारा आला तर शृंगी घुबड. नाले, खाणी, खडक ही त्याची घरं. पाण्याकाठच्या मोठ्या झाडांवर मत्स्य घुबड. जुन्या इमारतींत, पाण्याच्या टाकीखाली, बंद पडलेल्या खोल्यांत बदामी चेहऱ्याचं गव्हाणी घुबड. त्याचं ओरडणं कर्कश असतं आणि पिल्लं फुस्स-फुस्स करतात. पुष्कळ 'भुतांचे बंगले' या एका पक्ष्यानं नावारूपाला आणले आहेत.

हेच गव्हाणी घुबड उंदरांचा काळ आहे. त्याचे दोन कान डोक्यावर एकाच उंचीवर नसतात, त्यामुळे मिट्ट काळोखात नुसत्या खुडबुडीवरून उंदीर नेमका कुठे आहे हे त्याला कळतं. पंखांच्या कडा मऊ झालरीच्या, म्हणून उडताना आवाज नाही. इस्रायलमध्ये १९८० च्या दशकापासून शेतात गव्हाणी घुबडांसाठी लाकडी पेट्या लावून उंदरांवरचं विष कमी केलं. पुढे शेजारच्या जॉर्डनमधले आणि पॅलेस्टिनी शेतकरीही त्यात आले. आपल्याकडे लक्षद्वीपमध्ये कवरत्ती बेटावर नारळ खाणाऱ्या उंदरांसाठी हाच प्रयोग हाती घेतला गेला. आपण मात्र गटारात उंदरांचं औषध टाकतो. तो मरणारा उंदीर घुबडाच्या पोटात जातो, आणि उंदरांबरोबर उंदीर मारणाराही जातो.

रात्रीच्या पक्ष्यांना शहरात आणखी तीन धोके आहेत. पहिला, संक्रांतीचा नायलॉन मांजा. दिवसा तो घारींना कापतो, झाडावर अडकून राहिला की रात्री घुबडांना. जखमी पक्षी दिसला तर त्याला पाणी पाजायच्या भानगडीत न पडता खोक्यात अंधारात ठेवावं आणि वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावं. सेमिनरी हिल्सला ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर आहे, तिथे उपचार होतात. दुसरा धोका, दिवाळीच्या सुमारास जादूटोण्यासाठी होणारी घुबडांची तस्करी. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं घुबड पकडणं, विकणं, पाळणं गुन्हा आहे. तिसरा धोका सगळ्यांत साधा आहे: ढोल्या असलेली म्हातारी झाडं जाणं. नवीन झाड लावता येतं, पण ढोली लावता येत नाही. तिला पन्नास-साठ वर्षं लागतात.

या बाबतीत समज बदलू शकते, हे पुणे जिल्ह्यात दिसलं. पुरंदर तालुक्यातल्या पिंगोरी गावी इला फाउंडेशननं २०१८ मध्ये उलूक महोत्सव सुरू केला. शाळेतली मुलं घुबडाची चित्रं काढतात, नाटुकली करतात, गावकरी सहभागी होतात. ज्या पक्ष्याचं नाव सकाळी घेत नव्हते त्याची जत्रा भरते.

आपल्या चिंचेचं काय?

आता सभेपुढच्या प्रस्तावाबद्दल माझं मत मांडतो. सभासद बंधू-भगिनींनी ते पटलं तर घ्यावं.

ले-आऊट पडला तेव्हा ही चिंच चांगली मोठी होती. तेव्हा इथे शेतं होती आणि बांधावर ती उभी होती, असं सुरुवातीचे सभासद सांगतात. म्हणजे तिचं वय पन्नाशीच्या पुढे नक्की. महाराष्ट्रातल्या वृक्ष संरक्षण कायद्यात २०२१ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार पन्नास वर्षं किंवा त्याहून जास्त वयाचं झाड 'वारसा वृक्ष' ठरतं आणि ते तोडायला सहजासहजी परवानगी मिळत नाही. तेव्हा आधी वय तपासून घ्यावं. पार्किंगची अडचण खरी आहे, ती मी नाकारत नाही. घरटी एक स्कूटर होती तिथे आता दोन कार आहेत. पण शेड दक्षिणेच्या भिंतीलगत तिरपी घेतली तर चार गाड्या कमी बसतील आणि झाड वाचेल. चार गाड्यांसाठी दुसरी सोय निघू शकते. ढोलीतल्या जोडीसाठी निघणार नाही. पिंगळे आपली हद्द सहसा सोडत नाहीत, वर्षानुवर्षं तिथेच राहतात. शिवाय चिंचेकडे तोंड केलेला तो मोठा हॅलोजन थोडा खाली वळवला तर आपलं बिलही वाचेल.

काही आजी आणि काकूंना वाटतं की पिंगळा दारात बोलणं बरं नाही. त्यांचा मान राखून एवढंच म्हणतो की पंचवीस वर्षं तो रोज बोलतोय, आणि या पंचवीस वर्षांत आपल्याकडे लग्नं झाली, नातवंडं झाली, मुलं शिकून मोठी झाली. गेले तेही गेले, ते कोणत्याही ले-आऊटमध्ये जातातच. त्याचा दोष त्या मूठभर पाखराला देऊ नये.

मोजणीच्या प्रस्तावाबद्दल. मुलामुलींनी आखलेलं काम साधं आहे. नोव्हेंबर ते एप्रिल, आठवड्यातून एक संध्याकाळ, ठरलेल्या जागी अर्धा तास शांत बसायचं. कोणतं झाड, ढोली किती उंचीवर, पक्षी किती, कोणत्या वेळी बाहेर आले, पिल्लं दिसली का, एवढंच वहीत लिहायचं. झाडाखाली पडलेल्या उलटीच्या गोळ्या गोळा केल्या तर त्यातल्या हाडांवरून आणि कीटकांच्या कवचांवरून पक्ष्यानं काय खाल्लं तेही कळतं. काही पथ्यं मात्र पाळायची. ढोलीत टॉर्च मारायचा नाही, फ्लॅश लावून फोटो काढायचे नाहीत, मोबाइलवर आवाज वाजवून पक्ष्याला फसवायचं नाही, आणि घरट्याचा पत्ता ग्रुपवर टाकायचा नाही. दिवाळीच्या आधी तर मुळीच नाही. दिसलं नाही तर 'दिसलं नाही' असंच लिहायचं. माइनर्ट्‌झहागेन आठवा!

वर्गणीबद्दल एक स्पष्टता. संस्थेच्या निधीला, सिंकिंग फंडाला हात लागणार नाही. कोजागिरीला आपण गच्चीवर दूध आटवतोच. त्या रात्री ज्याला इच्छा असेल त्यानं वेगळ्या डब्यात काही टाकावं. रक्कम कोणत्या नोंदणीकृत संस्थेला द्यायची ते सभेनं ठरवावं, पावती घ्यावी आणि हिशेब नोटीस बोर्डावर लावावा. रक्कम छोटीच होईल. पण त्यातून मेळघाटातल्या एखाद्या कोरकू तरुणाची काही आठवड्यांची मजुरी निघाली, तर एका हंगामातल्या काही ढोल्यांची खरी नोंद होईल. ११३ वर्षं या पक्ष्याची खबर कोणालाच नव्हती. पुन्हा तशी वेळ येऊ नये यासाठी दरवर्षी कोणीतरी जाऊन बघणं, एवढाच उपाय आहे.

मध्य प्रांतात पहिल्यांदा मिळालेला हा पक्षी आता विदर्भाच्या भरवशावर आहे, आणि त्याचा धाकटा भाऊ आपल्या भरवशावर. दोन्ही प्रस्तावांवर सभेत मोकळी चर्चा व्हावी, मतं मांडली जावीत, आणि जे ठरेल ते प्रोसिडिंगमध्ये नीट लिहिलं जावं. संस्थेच्या पुढच्या पंचवीस वर्षांसाठी सर्व सभासदांना आणि चिंचेवरच्या बिनभाड्याच्या कुटुंबालाही मनापासून शुभेच्छा.